कॅराव्हॅनने फ्रान्सला : तारीख ठरवतो तो सर्वांत सावकाश कागद

रायबंदरहून चोडणला जाणाऱ्याला फेरीबोटीची पूर्वतयारी करावी लागत नाही. धक्क्यावर यायचे, रांगेत थांबायचे, दुचाकी आत घ्यायची आणि काही मिनिटांत पलीकडच्या तीरावर उतरायचे. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरून फ्रान्सला जाणारी फेरीबोटही मुळात हेच काम करते. ती गाड्या पोटात घेते आणि पलीकडे सोडते. डोव्हरजवळ इंग्लिश खाडीची रुंदी सुमारे ३३ किलोमीटर आहे आणि आभाळ स्वच्छ असेल तर समोरचा किनारा नुसत्या डोळ्यांनी दिसतो. फरक आहे तो सीमेचा. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यानंतरचा संक्रमणकाळ ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला आणि त्या दिवसापासून या दोन किनाऱ्यांमध्ये पक्की सरहद्द उभी राहिली. पूर्वी मनात आले की निघता येणारी सहल आता कागदांच्या हिशेबाने आखावी लागते.

हा विषय गोव्यातील वाचकाला परका वाटण्याचे कारण नाही. स्विंडन, साउथॉल, हौन्स्लो या नावांशी नाते नसलेली वस्ती आज गोव्यात शोधावी लागेल. तेथे स्थिरावलेल्या गोमंतकीय कुटुंबांची मुले इंग्लंडमध्येच वाढली. जुलैच्या अखेरीस शाळांना सुटी लागते आणि ती सप्टेंबरच्या आरंभापर्यंत चालते. त्या सुटीत ब्रिटनमधील असंख्य कुटुंबे मोटारीमागे कॅराव्हॅन जोडून फ्रान्सच्या ग्रामीण भागात जातात. आता या वाटेने आपली माणसेही निघू लागली, तर त्यात नवल नाही. शिवाय याच दिवसांत गोव्याहून आईवडील, सासूसासरे मुलांकडे गेलेले असतात. त्यांनाही सोबत नेण्याचा बेत होतो आणि अडचण बहुधा तेथूनच सुरू होते.

आपल्याकडे चाकांवरच्या कोणत्याही घराला सर्रास कॅराव्हॅन म्हटले जाते. ब्रिटनमध्ये मात्र मोटारीमागे जोडून ओढायच्या घरालाच कॅराव्हॅन म्हणतात. स्वतःचे इंजिन असलेल्या गाडीचे नाव मोटरहोम. या लेखात कॅराव्हॅन हा शब्द पहिल्या अर्थाने वापरला आहे. तिचा मोठा लाभ असा की मुक्कामी पोहोचल्यावर घर तेथे ठेवून मोटार मोकळी होते. दुसरा लाभ स्वयंपाकघराचा. ऑगस्टमध्ये श्रावण असतो, आणि श्रावण पाळणाऱ्या आजीला फ्रान्सच्या खेड्यातील उपाहारगृहात जेवायला नेणे सोपे नाही. आपली चूल सोबत असली की हा प्रश्न उरत नाही.

एका गाडीत चार नियम

समजा, स्विंडनमधील एका कुटुंबात चार माणसे आहेत. वडिलांकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे. आईकडे भारतीय पासपोर्ट आणि ब्रिटनमधील वास्तव्याचा परवाना आहे. तेथेच जन्मलेल्या मुलाकडे ब्रिटिश पासपोर्ट आहे. फोंड्याहून दोन महिन्यांसाठी आलेल्या आजीकडे भारतीय पासपोर्ट आणि ब्रिटनचा पर्यटक व्हिसा आहे. बोटीवर गाडी एकच जाते, पण सीमेवर प्रत्येक माणूस वेगळा मोजला जातो.

वडिलांचे काम सर्वांत सोपे. पोर्तुगालचे नागरिक म्हणून ते युरोपीय संघाचे नागरिक आहेत. फ्रान्समध्ये जाण्यासाठी त्यांना व्हिसा लागत नाही आणि चालू पासपोर्ट पुरतो. त्यांनी काळजी घ्यायची ती परतीची. ब्रिटनमधील त्यांचा स्थायी दर्जा आता संगणकीय नोंदीत असतो आणि ती नोंद विशिष्ट पासपोर्टाला जोडलेली असते. मधल्या काळात पासपोर्ट नवा काढला असेल, तर त्याचा क्रमांक ब्रिटिश गृहखात्याच्या खात्यात निघण्यापूर्वी भरला पाहिजे.

मुलाला व्हिसा लागत नाही, पण तो आता संघाबाहेरचा प्रवासी आहे. त्याला कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस शेंगेन देशांत राहता येते. त्याचा पासपोर्ट प्रवेशाच्या दिवशी १० वर्षांहून जुना नसावा आणि परतीच्या दिवसानंतर किमान ३ महिने चालू असावा. मुलांचे ब्रिटिश पासपोर्ट ५ वर्षांचेच असतात. त्यामुळे मोठ्यांची कागदपत्रे ठीक असूनही मुलाच्या पासपोर्टापाशी बेत अडू शकतो.

आईला शेंगेन व्हिसा हवा. ब्रिटनमध्ये राहण्याचा परवाना हा फ्रान्समध्ये जाण्याचा परवाना नव्हे. एरवी प्रौढ व्यक्तीसाठी या व्हिसाचे शुल्क ९० युरो आहे. पण युरोपीय संघाचा नागरिक असलेल्या पतीसोबत ती त्याच्या स्वतःच्या देशाखेरीज अन्य सदस्य देशात जात असेल, तर संघाच्या २००४ सालच्या निर्देशानुसार तिला व्हिसा विनाशुल्क आणि शक्य तितक्या लवकर मिळाला पाहिजे. त्यासाठी विवाहाचा दाखला आणि पतीच्या पासपोर्टाची प्रत जोडावी लागते. पतीकडे ब्रिटिश पासपोर्ट असेल, तर ही सवलत मिळत नाही. परतताना तिचा ब्रिटिश ई-व्हिसाही चालू असला पाहिजे, कारण वास्तव्याची जुनी कार्डे २०२४च्या अखेरीस संपली आहेत.

राहिली आजी. शेंगेन व्हिसाचा अर्ज सामान्यतः अर्जदार जेथे कायदेशीर रहिवासी असेल, तेथील दूतावासाच्या कक्षेत करावा लागतो. पर्यटक म्हणून ब्रिटनमध्ये गेलेली व्यक्ती तेथील रहिवासी नसते. लंडनला पोहोचल्यावर ‘आता आलीच आहे तर तिलाही नेऊ’ असे ठरवले, तर तिचा अर्ज तेथे स्वीकारला जाण्याची खात्री नसते. तिचा अर्ज भारतातूनच व्हायला हवा, आणि गोवा मुंबईतील फ्रेंच वाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत येतो. अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो. निर्णयास सर्वसाधारणपणे १५ दिवस लागतात, पण अधिक चौकशीची गरज वाटल्यास ४५ दिवसही जाऊ शकतात. सोबत किमान ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा वैद्यकीय प्रवास विमा लागतो. फ्रान्समधून ब्रिटनमध्ये परत यायचे असल्याने तिचा ब्रिटिश व्हिसा अनेक प्रवेशांचा आहे ना, हेही पाहून घ्यावे.

याखेरीज १२ ऑक्टोबर २०२५पासून शेंगेन सीमांवर ईईएस ही प्रवेश-निर्गमन नोंदणी टप्प्याटप्प्याने सुरू झाली. संघाबाहेरच्या प्रवाशाचा चेहरा आणि बोटांचे ठसे यांची नोंद त्यात केली जाते आणि पासपोर्टावरील शिक्क्याची जागा ती घेते. १२ वर्षांखालील मुलांच्या बोटांचे ठसे घेत नाहीत. आपल्या उदाहरणातील वडिलांना ही नोंदणी लागू नाही, बाकीच्यांना आहे. बंदरावर नेहमीपेक्षा अधिक वेळ हाताशी ठेवण्याचे हे मुख्य कारण.

या चौघांपैकी ज्याचा कागद सर्वांत सावकाश हलतो, तो सहलीची तारीख ठरवतो. बोटीचे स्वस्त तिकीट दिसले म्हणून आधी ते घेणे आणि नंतर कागदांमागे धावणे हा उलटा क्रम आहे. व्हिसाच्या अर्जाला प्रवासाचा आणि मुक्कामाचा पुरावा जोडावा लागतो हे खरे. पण त्यासाठी तारीख बदलता येणारे किंवा पैसे परत मिळणारे आरक्षण करावे. थोडे महाग पडले तरी ते शेवटी स्वस्तच ठरते.

कोणत्या बंदरातून निघावे

डोव्हर–कॅले हा सर्वांत छोटा सागरी मार्ग. बोट सुमारे दीड तासात पोहोचते आणि दिवसभर फेऱ्या असतात. डोव्हर–डंकर्कला सुमारे दोन तास लागतात. न्यूहेवन–दिएपला चार तास. पश्चिमेकडे पोर्ट्समथहून काँ, शेरबुर आणि सँ-मालो या बंदरांकडे बोटी जातात. पूलहून शेरबुरला आणि प्लिमथहून रोस्कोफला जाता येते. पोर्ट्समथहून काँसाठी जाणारी बोट प्रत्यक्षात शहरापासून १५ किलोमीटरवरील उइस्त्राम येथे लागते आणि दिवसाच्या फेरीला सुमारे सहा तास घेते. सँ-मालोची फेरी रात्रीची असते.

छोटा सागरी मार्ग म्हणजे छोटा प्रवास नव्हे. स्विंडनहून डोव्हर सुमारे २५० किलोमीटर आणि पोर्ट्समथ त्याच्या निम्मे. नॉर्मंडीच्या खेड्यात जायचे असेल, तर डोव्हरमार्गे जाणाऱ्याला इंग्लंडमध्ये अधिक आणि उत्तर फ्रान्समध्ये पुन्हा तीनशेहून अधिक किलोमीटर कॅराव्हॅन ओढावी लागते. पोर्ट्समथहून निघणारा चालक सहा तास बोटीत विश्रांती घेतो आणि मुक्कामाजवळच उतरतो. तिकिटाच्या किमतीत इंधन, पथकर आणि वाटेतील एका रात्रीचा खर्च मिळवून पाहिल्याशिवाय कोणता मार्ग स्वस्त हे कळत नाही. पश्चिमेकडील या मार्गांचा एक जनक शेतकरी आहे, हेही नोंदवण्याजोगे. ब्रिटनीमधील भाजीपाला उत्पादकांनी आपला माल इंग्लंडच्या बाजारात पोहोचवण्यासाठी स्वतःची नौका-कंपनी उभारली आणि जानेवारी १९७३मध्ये रोस्कोफ–प्लिमथ मार्गावर पहिली बोट सोडली. आजची ब्रिटनी फेरीज ती हीच.

आणखी एक भेद महत्त्वाचा. डोव्हरला फ्रेंच पोलीस इंग्लंडच्या भूमीवरच, बोटीत चढण्यापूर्वी पासपोर्ट तपासतात. पोर्ट्समथहून निघाल्यास ही तपासणी फ्रान्समध्ये उतरल्यावर होते. कागदात त्रुटी असेल, तर डोव्हरला ती निदान घराच्या बाजूला उघड होते.

कॅले मार्गाने जाणाऱ्यांनी एक थांबा अवश्य घ्यावा. तेथून मोटारीने तासाभराच्या अंतरावर नव्ह-शापेल येथे पहिल्या महायुद्धातील भारतीय सैनिकांचे स्मारक आहे. ज्यांच्या समाधीचा ठावठिकाणा नाही अशा ४,७००हून अधिक सैनिकांची नावे त्यावर कोरली आहेत. १९२७ साली त्याचे अनावरण झाले. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी या गावावर झालेल्या हल्ल्यात पुण्याजवळच्या खडकीला केंद्र असलेल्या सॅपर्सच्या दोन कंपन्या होत्या आणि त्यांची मोठी हानी झाली.

वजनाचा हिशेब

कॅराव्हॅनच्या प्रवासातील धोका वेगापेक्षा वजनात अधिक असतो. नवशिक्यासाठी ब्रिटनमध्ये ८५ टक्क्यांचा ठोकताळा सांगितला जातो. भरलेल्या कॅराव्हॅनचे वजन मोटारीच्या मूळ वजनाच्या ८५ टक्क्यांहून जास्त नसावे. मोटार १,६०० किलोची असेल, तर सामानासह कॅराव्हॅन १,३६० किलोपर्यंत. हा कायदा नव्हे, सावधगिरीचा सल्ला आहे. मोटारीच्या निर्मात्याने घालून दिलेली ओढण्याची कमाल मर्यादा मात्र ओलांडताच येत नाही.

दुसरा हिशेब जोडणीवरच्या भाराचा. कॅराव्हॅनचा पुढचा दांडा मोटारीच्या मागील गोळ्यावर टेकतो. तेथे पडणारा भार भरलेल्या कॅराव्हॅनच्या वजनाच्या ५ ते ७ टक्के असावा, म्हणजे १,३०० किलोच्या कॅराव्हॅनसाठी ६५ ते ९१ किलो. तो फार कमी झाला, तर कॅराव्हॅन मागे डावी-उजवीकडे हेलकावे खाऊ लागते आणि मोटारीलाही ओढत नेते. म्हणून तांदळाची पिशवी, पाण्याचे डबे, तंबू असे जड सामान तळाशी आणि चाकांच्या आसपास ठेवावे. वरच्या कपाटांत फक्त हलक्या वस्तू. मागच्या टोकाला जड काही नको.

टायरांकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागते. कॅराव्हॅन वर्षातील बहुतेक काळ उभीच असते, त्यामुळे तिचे टायर झिजण्याआधी जुने होतात. नक्षी शाबूत दिसली तरी बाजूला भेगा आहेत का, आणि टायर किती वर्षांचा आहे, हे तपासावे. चालकाच्या परवान्याच्या कार्डावर बी-ई हा वर्ग छापलेला आहे का, तेही पाहावे. १९९७नंतर चाचणी उत्तीर्ण झालेल्यांना ब्रिटनने डिसेंबर २०२१मध्ये मोठी कॅराव्हॅन ओढण्याची मुभा दिली, पण जुन्या कार्डावर ती दिसत नाही. परदेशात पोलिसांच्या हाती कार्डच द्यायचे असते.

बोटीचे आरक्षण करताना मोटार आणि कॅराव्हॅन यांची एकूण लांबी आणि सर्वाधिक उंची विचारतात. पुढचा दांडा, मागे टांगलेल्या सायकली, टपावरची पेटी आणि अँटेना हे सारे त्यात धरावे. कंपनीच्या पुस्तिकेतील आकडा न घेता स्वतः फितीने मोजावे. बोटीवर चढण्यापूर्वी गॅसची सिलिंडरे बंद करावीत आणि ती असल्याचे सांगावे. मोटारीचा चोरघंटेचा सेन्सर बंद ठेवावा, नाहीतर लाटांच्या हेलकाव्यांनी तो वाजत राहतो. प्रवासात वाहनांचा मजला बंद असतो आणि कॅराव्हॅनमध्ये थांबता येत नाही. औषधे, स्वेटर आणि मुलांचा खाऊ आधीच पिशवीत काढून घ्यावा.

उजव्या बाजूचे रस्ते

गोव्यात आणि ब्रिटनमध्ये वाहने डावीकडून चालतात. त्यामुळे आपल्या चालकाला फ्रान्समध्ये आयुष्यात प्रथमच उजवीकडून चालवावे लागते. मोठ्या रस्त्यावर इतरांमागून जाताना चूक होत नाही. ती होते सकाळी पावासाठी रिकाम्या गल्लीत गाडी काढताना, किंवा पेट्रोलपंपावरून बाहेर पडताना. वर्तुळाकार चौकात उजवीकडे वळून आत शिरायचे आणि डावीकडून येणाऱ्याला वाट द्यायची.

ग्रामीण फ्रान्सचा खरा सापळा म्हणजे ‘प्रियोरिते आ द्रुआत’ हा नियम. चौकात वेगळी खूण नसेल, तर उजवीकडून येणाऱ्याला अग्रक्रम असतो, मग ती शेतातून येणारी अरुंद वाट का असेना. आपल्या रस्त्यावर पिवळा चौकोन उभ्या टोकावर लावलेला दिसला, तर अग्रक्रम आपला. त्यावर काळी रेघ दिसली, तर तो संपला. गावाच्या नावाची लाल किनारीची पाटी हीच वेगमर्यादेची पाटी समजावी. तेथून वेग ताशी ५० किलोमीटर. नावावर रेघ मारलेली पाटी आली की गाव संपले.

दुपदरी ग्रामीण रस्त्यांवर २०१८पासून सर्वसाधारण मर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे. काही जिल्ह्यांनी ती ठरावीक रस्त्यांवर पुन्हा ९० केली. मोटार आणि कॅराव्हॅन यांचे मिळून अनुज्ञेय वजन ३,५०० किलोंपेक्षा जास्त असेल, तर द्रुतगती मार्गावरही ९० आणि साध्या ग्रामीण रस्त्यावर ८० ही मर्यादा. जोडगाडीची लांबी ७ मीटरपेक्षा जास्त असल्यास वस्तीबाहेर पुढच्या मोठ्या वाहनापासून किमान ५० मीटर अंतर ठेवावे लागते. कॅराव्हॅन जोडली की ही लांबी बहुतेक वेळा ओलांडलेलीच असते.

मोटारीत धोक्याचा त्रिकोण आणि चमकदार जाकीट असणे बंधनकारक आहे. जाकीट डिकीत न ठेवता आसनाजवळ ठेवावे. ब्रिटिश मोटारीचे दिवे समोरून येणाऱ्याचे डोळे दिपवतात, म्हणून त्यांवर प्रकाश वळवणाऱ्या चिकटपट्ट्या लावाव्यात. सप्टेंबर २०२१पासून देशाचे चिन्ह ‘जीबी’ नसून ‘यूके’ आहे. पथकर नाक्याची खिडकी डावीकडे येते, त्यामुळे शेजारी बसणाऱ्याने कार्ड हाती ठेवावे. २ मीटरपेक्षा उंच कॅराव्हॅन जोडल्यावर पथकराचा वर्ग बदलतो. ब्रिटनीमध्ये मात्र पथकर नाही आणि काँहून रेनकडे जाणारा ए-८४ मार्गही विनाशुल्क आहे.

निघण्याचा वारही पारखून घ्यावा. जुलै-ऑगस्टमधील शनिवारी सारा फ्रान्स सुटीवर निघतो आणि त्याच दिवशी सुटीहून परततो. ‘बिझाँ फ्युते’ ही सरकारी वाहतूक-सूचना सेवा प्रत्येक दिवसाला हिरवा, केशरी, लाल किंवा काळा रंग देते. काळ्या दिवशी कॅराव्हॅन रस्त्यावर आणू नये. मंगळवारी किंवा बुधवारी निघाले, तर बोटही बहुधा स्वस्त पडते.

खेड्यातील मुक्काम

प्रथमच जाणाऱ्याने दूरचे दोर्दोन्य किंवा प्रोव्हान्स न निवडता बंदराजवळचा ग्रामीण भाग निवडावा. उइस्त्रामहून सुमारे ५५ किलोमीटरवर, ओर्न नदीच्या खोऱ्यात क्लेसी हे गाव आहे. टेकड्या आणि नदीकाठचे कडे यांमुळे या भागाला नॉर्मंडीचे स्वित्झर्लंड म्हणतात. विजेता विल्यम जेथे जन्मला ते फालेझ गाव तेथून जवळ आहे. समुद्रातील माँ-सँ-मिशेल एका दिवसात पाहून परतता येते. कॅराव्हॅन एका जागी आठवडाभर उभी करून मोटारीने फिरणे हाच या सहलीचा योग्य रीतीचा उपभोग. रोज मुक्काम हलवणाऱ्याचा अर्धा दिवस जोडण्यात आणि सोडण्यात जातो.

तळांना एक ते पाच तारे दिलेले असतात. पाच ताऱ्यांच्या तळावर पोहण्याचे तलाव आणि रात्रीचे कार्यक्रम असतात. ‘काँपिंग म्युनिसिपाल’ हा गावाच्या पालिकेने चालवलेला तळ साधा, स्वच्छ आणि स्वस्त असतो. बहुधा तो नदीकाठी, गावापासून चालत जाण्याच्या अंतरावर असतो. शेतावरचे छोटे तळही आहेत. आरक्षणाच्या रकमेखेरीज प्रौढ माणसामागे दर रात्री छोटा मुक्काम-कर द्यावा लागतो. कार्यालय दुपारी जेवणासाठी बंद असते आणि रात्री फाटक लावले जाते. संध्याकाळी उशिरा उतरणाऱ्या बोटीने येणाऱ्याने हे आधी विचारून घ्यावे. पोहण्याच्या तलावात पुरुषांना सैल अर्धी चड्डी चालत नाही, अंगाबरोबरची पोहण्याची चड्डीच लागते. तेवढ्यासाठी मुलांचा हिरमोड होऊ देऊ नये.

विजेचा हिशेब घरच्यासारखा नसतो. छोट्या तळावर जागेला ६ अँपिअरच वीज मिळू शकते, म्हणजे एकूण सुमारे १,३८० वॅट. ब्रिटनमधील पाणी तापवण्याची किटली एकटीच २,००० ते ३,००० वॅट घेते. ती लावली की वीज गेलीच. कमी वॅटची किटली न्यावी किंवा चहा गॅसवर करावा. काही जुन्या तळांवर फ्रेंच पद्धतीचे सॉकेट असते, त्यासाठी जोडतार सोबत ठेवावी. ब्रिटनमधील सर्वसाधारण गॅस सिलिंडर फ्रान्समध्ये बदलून मिळत नाही. पुरेल इतका गॅस भरून न्यावा, किंवा दोन्ही देशांत मिळणाऱ्या कँपिंगगाझच्या टाकीची व्यवस्था करावी. ब्रिटिश कॅराव्हॅनचे दार डाव्या बाजूला असते. फ्रान्समध्ये रस्त्याकडेला थांबल्यास ते वाहतुकीच्या बाजूला उघडते, हे मुलांना बजावून सांगावे.

शिदोरीत काय चालते

गोमंतकीय कुटुंबाची गाडी अडण्याची शक्यता सर्वांत जास्त असेल, तर ती डब्यामुळे. ब्रिटनमधून युरोपीय संघात मांस आणि दुग्धपदार्थ नेण्यास मनाई आहे. त्यात हॅमचे सँडविच येते, चोरीस येते, तूप, पनीर आणि चहासाठी घेतलेली दुधाची पिशवीही येते. तान्ह्या बाळाच्या दुधाच्या भुकटीसारख्या मोजक्या गोष्टींना सूट आहे. ताजी फळे, भाज्या आणि पाने यांना रोगमुक्ततेचा दाखला लागतो. म्हणजे आंबा आणि कढीपत्ता घरीच ठेवायचा. या नियमाला पाच फळांचा अपवाद आहे आणि तो जणू आपल्यासाठीच केला असावा. नारळ, केळी, अननस, खजूर आणि ड्युरियन यांना दाखला लागत नाही. मासळीचे पदार्थ स्वतःपुरते २० किलोपर्यंत नेता येतात, त्यामुळे सुक्या सुंगटांची पुडी गाडीत असायला हरकत नाही. तांदूळ, पीठ, दळलेला मसाला यांची अडचण येत नाही. दूध, लोणी आणि भाजी गावातच घ्यावी. रविवारी दुपारनंतर आणि अनेक ठिकाणी सोमवारी खेड्यातील दुकाने बंद असतात, पण आठवड्याच्या बाजारात सारे मिळते. म्हापशाचा शुक्रवार अनुभवलेल्याला तो बाजार लगेच ओळखीचा वाटेल.

परतीचा नियमही कडक झाला आहे. लाळ्या-खुरकत रोगाच्या प्रसारामुळे एप्रिल २०२५पासून ब्रिटनने युरोपीय संघातून गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या व डुकरे यांचे मांस आणि दुग्धपदार्थ वैयक्तिक वापरासाठीही आणण्यास बंदी घातली. निघण्यापूर्वी ती स्थिती पुन्हा तपासावी. तोवर कामांबेर चीज नॉर्मंडीतच खाऊन संपवणे बरे.

आखणीचा क्रम

सहा महिने आधी सर्वांचे पासपोर्ट टेबलावर मांडावेत आणि प्रत्येकापुढे प्रश्न लिहावा : व्हिसा हवा का, मुदत पुरते का, परतीचा हक्क कोणत्या कागदावर आहे? मग तारखांचा अंदाज, नंतर बदलता येणारे तळाचे आणि बोटीचे आरक्षण, त्यानंतर लगेच व्हिसाचे अर्ज. दोन महिने आधी मोटार आणि कॅराव्हॅन यांचा विमा फ्रान्समध्ये पूर्ण संरक्षण देतो का हे विचारावे, रस्त्यावरील मदतीची सेवा घ्यावी आणि कॅराव्हॅनची तपासणी करून घ्यावी. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांनी युरोपातील उपचारांसाठीचे जीएचआयसी कार्ड मागवावे. आजीला ते मिळत नाही, म्हणून तिच्या विम्याची प्रत वेगळी ठेवावी. एक आठवडा आधी कॅराव्हॅन भरून वजनकाट्यावर न्यावी. आदल्या दिवशी फ्रिज रिकामा करून पाहावा.

या यादीतील पहिली पायरी गोव्यातील वाचकाच्या हातात आहे. येत्या उन्हाळ्यात मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांनी ब्रिटनच्या व्हिसाचा अर्ज भरतानाच एक प्रश्न विचारून ठेवावा : ‘तुम्ही आम्हाला फ्रान्सला नेणार आहात का?’ उत्तर होकारार्थी असेल, तर जुलैअखेरच्या सहलीसाठी शेंगेन व्हिसाचा अर्ज जानेवारीच्या अखेरीपासून करता येतो. ब्रिटनच्या अर्जात पासपोर्ट काही आठवडे अडकून पडतो, म्हणून दोन्ही अर्जांचा क्रम आधी ठरवावा लागतो. दाबोळी किंवा मोपाहून विमान सुटल्यानंतर हा प्रश्न विचारला, तर पोर्ट्समथच्या धक्क्यावर बोट उभी असते, कॅराव्हॅनही सज्ज असते, पण आजीला स्विंडनलाच थांबावे लागते.